पाण्याचें जडपण

धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा रस्त्यावर, किल्ल्याच्या टेकडीखालीं वसलेलें सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. अशा गांवांत पाण्याची परीक्षा जिभेपेक्षां भांडींच अधिक चोख करतात. आमच्या घरच्या तांब्याच्या बंबानें ती परीक्षा कित्येक वर्षें केली. त्याच्या पोटांत पांढऱ्या क्षाराचा असा थर चढे कीं, लांकडें जळत, पण पाणी लवकर तापत नसे. मग चिंचेच्या कोळानें तो थर मऊ करून खरवडावयाचा, हा आमच्या घरचा जणूं एक कुळाचारच होता.

हा थर म्हणजे घाण नव्हे. आमच्या पायांखालच्या काळ्या खडकाचाच तो अंश आहे. पावसाचें पाणी मातींतला कर्बवायु घेऊन खडकाच्या भेगांतून झिरपतें आणि वाटेंत कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून आणतें. तें तापलें कीं त्यांतला चुना पुन्हां घट्ट होऊन भांड्याला बिलगतो. साबणाला फेंस येत नाहीं. आणि तुरीच्या डाळींतील पेक्टिनाला कॅल्शियम असा घट्ट बांधून ठेवतो कीं, ती शिजतां शिजत नाहीं. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालावा. आमच्या कूपनलिकेच्या पाण्याचा आंकडा ४०० निघाला. म्हणजे पिण्यास अपाय नाहीं, पण संसारास उपद्रव पुष्कळ!

बंब जाऊन गीझर यावयाचा ठरला, तेव्हां घरांत दोन पक्ष पडले. थोरल्या बंधूंचा कौल मिठाच्या यंत्राला. त्यांत कृत्रिम राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यांतील कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यांत सोडियम सोडतात. मणी भरले कीं त्यांवरून मिठाचें दाट पाणी सोडावयाचें. ते धुऊन पुन्हां कामास लागतात. हें पाणी खरोखरच हलकें होतें. साबण फेंसाळतो, डाळ मुकाट्यानें शिजते.

पुतण्याचा पक्ष मीठरहित यंत्राचा. त्यांतील चांगल्या प्रकारच्या यंत्रांत कॅल्शियमचे अतिसूक्ष्म स्फटिक बनतात आणि ते नळीला न चिकटतां पाण्याबरोबर वाहून जातात. मीठ नको, सांडपाणी नाहीं. मात्र पाण्याचा आंकडा ४०० चा ४०० च राहतो. गीझर वांचतो, पण साबण आणि डाळ या यंत्राला भीक घालीत नाहींत. नळीला बाहेरून बांधावयाचीं चुंबकेंहि याच नांवानें विकलीं जातात. त्यांच्याविषयींच्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशीं जुळत नाहींत.

आमच्या मातोश्रींना रक्तदाब आहे, म्हणून मीं हिशेब मांडला. १०० मिलिग्रॅम जडपणा काढण्यास ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यांत येतें. म्हणजे आमच्या पाण्यांत लिटरमागें १८४ मिलिग्रॅम. तीन लिटर पाण्यांत साडेपांचशे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरांत २००० मिलिग्रॅमपेक्षां कमी सोडियम घ्यावयास सांगते. बंधूंना हें पटलें. पिण्याचा नळ वेगळा ठेवूं, असें ते म्हणाले. वाद येथेंच मिटावयाचा, पण मातोश्रींनीं विचारलें, “अरे, पण तें मणी धुतलेलें खारें पाणी जायचें कुठें?”

या प्रश्नाला उत्तर एकच होतें : परसांतल्या शोषखड्ड्यांत. मीठ यंत्रांत खर्ची पडत नाहीं. त्यांतलें क्लोराइड सगळें बाहेर येतें. कांहीं सोडियम आमच्या नळाला जातें, उरलेलें कॅल्शियमसह सांडपाण्यांत. मोठ्या शहरांत तें गटारांतून दृष्टीआड होतें. आमच्याकडे शोषखड्ड्याखालीं तोच भेगाळलेला खडक आणि पन्नास पावलांवर शेजाऱ्यांची विहीर! शिवाय सोडियम साठलें कीं काळी माती फुगून चोंदते. पाणी मुरेनासें होतें. आमचें पाणी हलकें करण्यासाठीं दुसऱ्याचें खारें करावयाचें, ही कल्पना बंधूंनाहि सोसेना.

शेवटीं गीझरापुढें मीठरहित यंत्र बसलें आणि गच्चीवरचें पावसाचें पाणी स्वयंपाकासाठीं झांकलेल्या टांकींत धरूं लागलों. तें खडकाला शिवलेलें नसल्यानें मुळांतच हलकें. गाळून, उकळून घेतलें कीं डाळ त्यांत सुरेख शिजते. साबण अजून जास्त लागतो, त्याबद्दल बंधु अधूनमधून टोमणा मारतात. फाल्गुनाच्या सुमारास टांकी तळ गांठते. मग पहिल्या पावसापर्यंत डाळ रात्रींच भिजत घालावी लागते. ती आठवण घरांत कोणी ना कोणी ठेवतेंच.