घाटावरची घ्राणपरीक्षा

बुलढाणा जिल्ह्यात गाव सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला : 'घाटावरचे की घाटाखालचे?' बुलढाणा घाटावर, खामगाव घाटाखाली. मधल्या बोथ्याच्या रस्त्याला ज्ञानगंगा अभयारण्य लागते. २०५ चौरस किलोमीटरांचे हे रान १९९७ साली अभयारण्य झाले. अस्वले तिथली मानकरी.

मला मात्र रानाकडेच्या एका शेतात भेटला तो राखणीचा कुत्रा. तोंडातून लाळ गळत होती आणि स्वारी मातीत नाक घाशीत होती. मी दोन पावले मागे सरलो.

"पिसाळला नाही तो, भाऊ," शेतकरी हसला, "चिचुंदरी धरली असन!"

खरेच, धुऱ्यावर एक चिचुंदरी मरून पडली होती. तिच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात. कुत्रा तिला मारील, पण सहसा खाणार नाही. अमेरिकेतला स्कंक याच विद्येतला उस्ताद. शेपटीखालून तीन-तीन मीटर पिचकारी मारतो! आपल्याकडे तो नाही, हे आपले भाग्य.

साळिंदराचा धडा मात्र महाग. ते काटे फेकीत नाही, पाठमोरे चालून येते. मग रुतलेले काटे काढायला जनावरांचा डॉक्टरच गाठावा लागतो. अस्वलाशी गाठ पडली, तर कुत्रा परत येईलच असे नाही.

म्हणून तो शेतकरी दिवस मावळताच कुत्रा बांधतो आणि दरवर्षी त्याला रेबीजची लस टोचून आणतो. लाळ पाहून तो हसू शकला, तो त्या लशीच्याच भरवशावर.