मॅडमजी, माझा फोटो नको

नाशिकची माझी नणंद मोठी हौशी! नातवाच्या शाळेचं अ‍ॅप तिच्या मोबाईलवर आहे. नातू बसमध्ये कधी चढला, गृहपाठ दिला की नाही, चाचणीत किती गुण मिळाले, सगळं तिला घरबसल्या कळतं. परवा फोनवर म्हणाली, "वहिनी, तुमच्या जयपूरला आहे का हो असं?" आमच्या सरकारी शाळेत अजून नाही, असं मी सांगितल्यावर तिला आमची कीवच आली. माझ्या मनात मात्र वेगळंच आलं. आजीला कळतं ते ठीक, पण हे सगळं आणखी कोणाकोणाला कळत असेल?

लग्नानंतर मी जयपूरला आले, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. सांगानेरच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत यंत्र येणं या भागाला नवं नाही. १ ऑगस्ट १९७५ ला 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या नासानं आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला दिला आणि इस्रोनं टीव्हीचे कार्यक्रम थेट खेड्यांत उतरवले. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत राजस्थानातल्या जयपूर, कोटा, सवाई माधोपूर या जिल्ह्यांतलीही गावं होती. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी सगळ्या गावासाठी. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक माटसाब (इथे मास्तरांना असंच म्हणतात) त्या वेळी पाचवीत होते. ते हसत सांगत, "टीव्हीपुढे आम्ही डुलक्या काढायचो, पण ते फक्त गुरुजींनाच दिसायचं." मला त्यांचं हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. तो टीव्ही मुलांना दाखवत असे, मुलांकडे पाहत नसे. आजचं यंत्र दाखवतं आणि पाहतंही. कोण किती वेळ बसलं, कुठून बसलं, काय चुकलं, ते टिपून ठेवतं.

एप्रिल २०२० मध्ये शाळा बंद असताना राजस्थानात 'स्माईल' हा उपक्रम सुरू झाला. पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करायचे आणि रोजचे धडे त्यावर पाठवायचे. त्या दिवसांत तो मोठा आधार होता, यात शंका नाही. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्यासाठी आकाशवाणीवर 'शिक्षा वाणी' आणि दूरदर्शनवर 'शिक्षा दर्शन' होतं. पण ग्रुप करायला बसले तेव्हा मी थबकले. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला दुसऱ्याचा नंबर दिसतो. आमच्या वस्तीत मुलीच्या घरचा फोन म्हणजे वडिलांचा, भावाचा, कधी घरमालकाचा. नववीतल्या मुलीनं शंका विचारली की तिचा नंबर चाळीस घरांत जाणार! म्हणून मी ब्रॉडकास्ट लिस्ट केली. त्यात निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. अट एकच, समोरच्यानं आपला नंबर जपून ठेवलेला हवा. त्यासाठी मी दोन दिवस घरोघरी फोन करत बसले होते. गुणही कधी सगळ्यांत मिळून पाठवले नाहीत. कमी गुणांचं पोर घरात आधीच बोलणी खातं, शेजाऱ्यांकडूनही कशाला?

मे २०२२ मध्ये 'ह्यूमन राइट्स वॉच'चा अहवाल आला तेव्हा माझ्या सहकारी शिक्षिका म्हणाल्या, "तुम्हाला आधीच वास आला होता वाटतं!" त्या संस्थेनं ४९ देशांतली शिक्षणाची १६४ अ‍ॅप्स आणि संकेतस्थळं तपासली. त्यातल्या १४६ ठिकाणी मुलांच्या माहितीचा वापर त्यांच्या हक्कांना बाधक किंवा धोक्याचा असल्याचं त्यांनी म्हटलं. आपल्या सरकारचं 'दीक्षा'ही त्या यादीत होतं. मूल नेमकं कुठे आहे, ही माहितीसुद्धा ते घेतं, असा आक्षेप होता.

आपल्याकडे मात्र तंत्रज्ञान आणि नीती म्हटलं की मुलांची नक्कलच तेवढी आठवते. २६ सप्टेंबर २०२१ ला 'रीट' ही शिक्षकांची पात्रता परीक्षा होती, तेव्हा जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाईल इंटरनेटच बंद ठेवलं होतं. तरी पेपर फुटलाच! तपासात निघालं की तो जयपूरच्या शिक्षा संकुलातूनच गेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द झाली. बंदोबस्त फोनचा आणि गळती कपाटातून.

असो. सांगायची गोष्ट २०२३ ची आहे. शाळांना देणगी देणाऱ्याला राजस्थानात 'भामाशाह' म्हणतात. अशा एका भामाशाहांनी आमच्या दहावीच्या वर्गाला मोठा स्मार्ट टीव्ही दिला. नववीसाठी दुसरा देण्याचं कबूल केलं. त्यांची मागणी एवढीच होती की एखाद्या हुशार मुलीनं टीव्हीसमोर उभं राहून आभार मानावेत. तो व्हिडिओ ते फेसबुकवर टाकणार होते.

मुलगी ठरली. (तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही.) वडील कापडावर ठसे मारणारे छपाईचे कारागीर. संमतीच्या कागदावर त्यांनी निळ्या बोटांनी कौतुकानं सही केली. मधल्या सुट्टीत ती हळूच माझ्याजवळ आली. "मॅडमजी, मेरा फोटो मत डालना." का, विचारलं तर गप्प. मग म्हणाली, "गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीचा फोटो कोणीतरी गाणं लावून फिरवला. घरच्यांनी तिची शाळा सोडवली."

प्रिन्सिपल साहेब अडचणीत पडले. वडिलांची सही आहे, मग हरकत कसली? आणि त्यांचंही चूक कसं म्हणू? नववीच्या मुलांचा टीव्ही डोळ्यांसमोर होता. त्याच ऑगस्टमध्ये देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर संमती हवी. मुलांवर पाळत ठेवायला, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती टाकायला मनाई आहे. शाळांना शिक्षणापुरती आणि सुरक्षेपुरती थोडी सूट आहे. कायदा चांगलाच आहे, पण तोही विचारणार वडिलांनाच! पंधरा वर्षांच्या पोरीचा 'नको' कुठल्या रकान्यात भरायचा?

मी वडिलांना बोलावलं. ते म्हणाले, "मॅडमजी, आमच्या सात पिढ्यांत कोणाचा फोटो कुठे आला नाही. येऊ दे की!" त्यांचा आनंद खरा होता. बहिणीची गोष्ट मी काढली नाही. ती घरात त्यांना माहीतच होती. एवढंच म्हटलं, "आज रात्री जेवताना तिलाच विचारा, आणि तिचं पुरतं ऐकून घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाच्या कपड्यांतच आले. "लडकी ना कहती है," म्हणाले आणि तो कागद घडी करून खिशात घालून गेले.

मग आम्ही व्हिडिओ केला तो हातांचा. हळद लावलेल्या कागदावर साबणाचं पाणी पडतं, कागद लाल होतो, मागे टीव्हीवर तोच धडा चालू आहे. आवाज माझा. मला तर तो छान वाटला. भामाशाह सभ्यपणे म्हणाले, "प्रयोग चांगला आहे, पण लोकांना चेहरा लागतो." पुन्हा काही त्यांचा फोन आला नाही.

टीव्हीवर मी मुलांची खाती उघडलेली नाहीत. धडे घरी पेनड्राइव्हवर उतरवून आणते आणि तेच लावते. ती मुलगी पुढे बारावी विज्ञानाला गेली. दुसरा टीव्ही अजून आलेला नाही. गुरुवारी तिसऱ्या तासाला नववीची मुलं दहावीच्या वर्गात येतात. बाकावर तिघांच्या जागी पाच जण बसतात आणि उंच मुलं मागे भिंतीला टेकून उभी राहतात.