गुलाबी डाग

मोटरबोटीच्या बुडातला निकामी व्हॉल्व स्वस्तात कसा बदलावा, हा विषय अकोला-अमरावतीच्या वाचकांपुढे मांडायला सांगणाऱ्या संपादकांच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडून समुद्र गाडीने एका रात्रीच्या अंतरावर आहे. आपल्या धरणांवर आणि पूर आला की गावात फिरणाऱ्या बचाव पथकांच्या बोटींना इंजिन मागे टांगलेलं असतं. ते आपलं पाणी आपल्याच पायातून ओढतं, त्यामुळे त्या बोटींच्या बुडाला या कामासाठी भोक नसतं. भोक असतं ते इंजिन आत बसवलेल्या नौकांना, मिरकरवाडा, हर्णै किंवा ससून डॉकला लागणाऱ्या डिझेलच्या बोटींसारख्या. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, म्हणून पाणपातळीच्या खाली बूड भेदून एक नळी बसवतात आणि तिच्यावर व्हॉल्व. बोट तरंगते आहे की बुडते आहे, हे त्या मूठभर धातूवर ठरतं. त्या धातूला जो रोग होतो तो मात्र वऱ्हाडाला परका नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरींचं पाणी समुद्राइतकं खारट नसलं, तरी क्षार धातूचं काय करतात हे ज्याने घरच्या तोट्या बदलल्या आहेत त्याला वेगळं सांगायला नको.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. हा फरक आपल्या आज्यांना तोंडपाठ होता. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे त्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं. आज हार्डवेअरच्या दुकानात मात्र पिवळं दिसेल ते सगळं ‘ब्रास’. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो, चरकातून निघालेल्या उसाच्या चिपाडासारखा. आकार तोच, आटे तेच, जाडीही तीच, पण जोर गेलेला. म्हणूनच हा रोग फसवा आहे. लोखंड गंजलं की फुगतं, पोपडे सोडतं, ओरडून सांगतं. पितळ गप्प राहतं आणि एके दिवशी दांडी फिरवताना मानेतूनच तुटतं. लोकांचा समज तर नेमका उलटा. हिरवा थर दिसला की घाबरतात, घासूनपुसून चकाचक करतात. तो थर बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. भिण्यासारखा असतो तो गुलाबी किंवा तांबूस डाग, आणि तो पाहून मालक म्हणतो की तांबं छान चमकतंय.

इथे थोडं खोलात जावं लागेल, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्यावा. जस्त साधारण 37 टक्क्यांच्या आत असेल तर पितळ एकजिनसी राहतं. त्यापुढे गेलं की त्यात जस्ताने भरलेले दुसऱ्या जातीचे कण तयार होतात आणि खारं पाणी आधी त्यांनाच खातं. बाजारातला साधा घडवलेला व्हॉल्व जवळपास 40 टक्के जस्ताचा असतो, कारण तो गरम असताना सहज दाबला जातो आणि स्वस्त पडतो. पितळात चिमूटभर आर्सेनिक घातलं तर एकजिनसी भागाचं रक्षण होतं, दुसऱ्या जातीच्या कणांचं होत नाही. म्हणून जस्तगळती रोखणाऱ्या पितळात मिश्रणही बदलावं लागतं आणि उष्णतेची प्रक्रियाही नीट करावी लागते. गनमेटल या काशाच्या प्रकारात हे लचांड नाही. आपल्या भारतीय मानक 318 मधली एलटीबी-2 ही प्रत म्हणजे 85 भाग तांबं, आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी 5 भाग. जस्त इतकं थोडं की गळायला काही उरतच नाही. नावांना मात्र भुलू नये. ‘मँगनीज ब्रॉन्झ’ या भारदस्त नावाखालीही जवळपास 40 टक्के जस्तच असतं, म्हणजे ते पितळच. ‘नेव्हल ब्रास’ला नौदलाचं नाव आहे, त्यात कथील जेमतेम एक टक्का.

यावर जाणकारांचा एक आक्षेप हमखास येतो. जॉर्ज मंट्झने 1832 मध्ये पेटंट घेतलेलं 60-40 पितळ ‘कटी सार्क’सारख्या जहाजांच्या बुडावर मढवलं जात होतं, मग तेच पितळ व्हॉल्वला का चालू नये? कारण तो पत्रा झिजण्यासाठीच लावलेला होता. त्याचं तांबं पाण्यात सुटत राहिलं की शंख-शिंपले चिकटत नाहीत, आणि झिजला की पत्रा बदलता येतो. पत्र्याला भोक पडलं तर त्याच्यामागे लाकूड असतं. व्हॉल्वमागे इंजिनाची खोली असते.

दुसरा आक्षेप नियमाच्या भाषेत येतो: आमचा व्हॉल्व प्रमाणित आहे. प्रमाणित कशाला? आंतरराष्ट्रीय मानक 9093 च्या 1994 च्या आवृत्तीत ‘गंजरोधक’ची व्याख्या अशी होती की पाच वर्षांत गळती, ताकद किंवा काम यांवर परिणाम करणारा दोष दिसू नये. पाच वर्षं! बोट तीस वर्षं चालवायची आणि तिच्या बुडातल्या भोकाला पाच वर्षांची हमी. ही व्याख्या वाचली की मला अजूनही चीड येते, कारण तिने साध्या पितळाला सभ्य कपडे चढवले. घेणाऱ्याला ‘गंजरोधक’ एवढाच शब्द दिसतो. पाच हा आकडा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आता स्वस्ताईचं बोलू. ती व्हॉल्वच्या किमतीत शोधणं ही चूक आहे. गनमेटलचा व्हॉल्व पितळेच्या दुप्पट धरा, तिप्पट धरा, तरी खरा खर्च बोट पाण्याबाहेर काढण्याचा आणि बुडलेल्या दिवसांचा असतो. बचत करायची तर तिथे करावी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची मासेमारीबंदी असते आणि होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत व्हॉल्व बदलायला वेगळी क्रेन लागत नाही. बंदी अजून दूर असेल तर खाडीच्या सपाट तळावर उधाणाच्या भरतीला बोट आणून ओहोटीत टेकवता येते. पण मग हातात पाच-सहा तासच असतात, म्हणून भाग आधी कोरडे जुळवून पाहिलेले हवेत. आटे सरळ की निमुळते हेही तेव्हाच पाहावं. सरळ आट्यांवर निमुळता व्हॉल्व दोन-तीन फेऱ्यांतच अडकतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. पाणपातळीखाली साधं सिलिकॉन लावू नये, पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड लावावं. आत लाकडाची किंवा फायबरची जाड बैठक द्यावी. अमेरिकी बोटबांधणी मानकात अशा जोडणीने आतल्या टोकाला 500 पौंड, म्हणजे सुमारे 227 किलो, भार 30 सेकंद पेलावा अशी अट आहे. कोणी घसरून त्यावर पाय देईल, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

काचतंतू घातलेल्या नायलॉनचे व्हॉल्व या रोगातून साफ सुटतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आग लागली तर ते टिकत नाहीत, एवढंच ध्यानात ठेवावं. ‘गुपचूप लांबी भरून हंगाम काढू’ या सल्ल्याबद्दल मात्र तक्रार आहे. 38 मिलिमीटरचं भोक पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर उघडं पडलं तर मिनिटाला सुमारे 140 लिटर पाणी आत येतं, 200 लिटरचा ड्रम दीड मिनिटात भरतो. म्हणून ज्यांना आज बदल परवडत नाही त्यांनी निदान प्रत्येक व्हॉल्वशेजारी त्या भोकाच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवावी. हत्यारांच्या डब्यात नको. डबा तळाशी असतो, आणि पाणी आधी तळाशी जमतं.