भोगवर्धन आणि अन्वा

आमच्या परिचयाच्या घरांतील कांहीं तरुण मंडळी हल्लीं जपानांतील क्योतो नगरीचीं देवालयें पाहून येतात व तेथील बाराशें वर्षांचें वैभव मोठ्या कौतुकानें सांगतात. ऐकून समाधान वाटतें. परंतु त्यांसच भोकरदनाविषयीं विचारावें, तर राजूरच्या गणपतीचें दर्शन घेऊन सारे माघारीं फिरलेले! वस्तुतः जालन्याहून राजुरास जाणारी वाटच पुढें भोकरदनास जाते. अंगारकीस राजुरीं पाऊल ठेवावयास जागा नसते. यास्तव इतर दिवशीं सकाळींच दर्शन घ्यावें व पुढें निघावें.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. क्योतो राजधानी झाली इ. स. ७९४ सालीं, सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनाच्या रहिवाशांचीं नांवें त्यापूर्वीं निदान ८०० वर्षें कोरलीं गेलीं. १९७३ सालच्या उत्खननांत येथें हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ति निघाली. तिच्याशीं विलक्षण साम्य असलेली मूर्ति इटलींतील पाँपेई नगरांत १९३८ सालीं सांपडली होती. तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. अर्थात् ती त्यापूर्वींच समुद्रापार पोंचली होती. ती नेमकी कोठें घडली याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. तथापि दोघी एका घराण्याच्या लेकी, हें पाहणारास सांगावें लागत नाहीं.

आपल्याकडे धाब्यांसाठीं पांढरीची माती खणून नेण्याची रीत जुनी. त्या मातीबरोबर खापरें, मणी, नाणीं किती गेलीं असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

केळणेच्या कांठचीं वैष्णव लेणींही पाहावींत. परंतु माझें मन अधिक रमलें तें याच तालुक्यांतील अन्व्याच्या मंदिरांत. हें मंदिर बाराव्या शतकाच्या सुमाराचें. आंत शिवलिंग आहे. बाहेरच्या भिंतीवरील स्त्रीमूर्तींच्या हातीं मात्र शंख, चक्र, गदा, पद्म! या विष्णूच्या शक्ति. संध्येंत आपण केशव, नारायण, माधव अशीं चोवीस नांवें घेतों. चार आयुधांचा क्रम पालटला कीं नांव पालटतें. मुंजीच्या वयाचीं नातवंडें बरोबर असल्यास त्यांजकडूनच एकेक मूर्ति ओळखवून घ्यावी. आयुधक्रमाचें कोष्टक घरूनच वहींत उतरून न्यावें; तेथें विचारावयास कोणी जाणता भेटेलच असें नाहीं.