तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विभागात पाहुण्या व्याख्यात्याचे जे महत्त्व असते, ते इतर विषयांत क्वचितच आढळते. रसायनशास्त्राजवळ प्रयोगशाळा असते, भूगर्भशास्त्राजवळ दगड असतात. या विषयाजवळ समोर मांडून ठेवावे असे काही नसते. ज्या देशाविषयी शिकायचे तो देश वर्गात आणता येत नाही, म्हणून तिथला माणूस आणायचा, किंवा तिथे राहून आलेला तरी. दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये १९५५ साली 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' सुरू झाले आणि १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाले. त्याआधी, १९५० साली, मौलाना आझादांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली होती आणि त्याच वर्षी अमेरिकेशी फुलब्राइट करारही झाला होता. तेव्हापासून निवृत्त राजदूत, परदेशी प्राध्यापक आणि नर्तकांचे, वादकांचे संच आपल्या विद्यापीठांत येत राहिले आहेत. कार्यक्रमाची रीतही आता पक्की झाली आहे. परिचय, शाल-श्रीफळ, तासाभराचे व्याख्यान, तीन-चार प्रश्न, आभार, चहा, एकत्र फोटो. आणि संध्याकाळी पाहुणा स्टेशनकडे किंवा विमानतळाकडे निघतो.

या रीतीला मराठीतल्या एका जुन्या म्हणीचा आशीर्वाद आहे. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. म्हण यजमानाची आहे. घरातले धान्य, बिछाने आणि बायकांचे कष्ट यांचा हिशेब तिच्यात आहे, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. विद्यापीठाच्या अतिथिगृहालाही तो लागू पडतो. पण ज्ञानाच्या देवघेवीला म्हण लावली की तिचा शेवट वेगळाच अर्थ सांगू लागतो. पहिल्या दिवशी पाहुणा घरून तयार करून आणलेले बोलतो. दुसऱ्या दिवशी तेच थोडे फिरवून बोलतो. तिसऱ्या दिवशी बरोबर आणलेली अक्कल संपते, आणि मग त्याला आजूबाजूला पाहावे लागते. ज्या दिवशी त्याची अक्कल जाते त्याच दिवशी त्याचे शिकणे सुरू होत असेल, तर सारी व्यवस्था त्याला दुसऱ्या दिवशीच निरोप देण्यासाठी बांधलेली आहे, असे म्हणावे लागते. एका म्हणीवर एवढे ओझे टाकावे का, हा प्रश्न आहेच. तरीही पाहुण्यांनी घडवलेल्या झाशीच्या संदर्भात ती पुन्हा पुन्हा आठवते.

झाशीत बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ साली स्थापन झाले. परक्या मुलखातली माणसे बोलावून घेण्याची या शहराची सवय मात्र त्याहून फार जुनी आहे. किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधला. १७२९ साली मोगल सरदार बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या बुंदेला राजा छत्रसालाने बाजीराव पेशव्याला मदतीस बोलावले आणि पुढे राज्याचा मोठा हिस्सा त्याला दिला. झाशी अशी मराठ्यांकडे आली. मराठा सुभेदार नारोशंकराने अठराव्या शतकाच्या मध्यावर किल्ला वाढवला आणि खाली वस्ती बसवली. त्यानंतर रत्नागिरीकडचे नेवाळकर सुभेदार झाले, मग राजे झाले. गणपतीचे देऊळ उभे राहिले, आणि त्याच देवळात १८४२ मध्ये गंगाधरराव आणि मणिकर्णिका तांबे, म्हणजे पुढची राणी लक्ष्मीबाई, यांचे लग्न लागले. गंगाधररावांना नाटकाचा विलक्षण नाद होता. त्यांची स्वतःची नाटकशाळा होती. राजवाड्यात संस्कृत हस्तलिखितांचा मोठा संग्रह होता. आजचे विभाग सांस्कृतिक आदानप्रदान या नावाखाली जे योजतात, त्यातले बरेचसे या दरबारात रोजच्या व्यवहारात होते.

ओरछाच्या बाजूने पाहिले तर हीच हकीकत वेगळी दिसते. मदतीला आलेला पाहुणा परत गेलाच नाही, तो घरमालक झाला. १८५७ मध्ये इंग्रजांची सत्ता डळमळताच ओरछाच्या फौजा दिवाण नत्थेखानाच्या हाताखाली झाशीवर चालून आल्या, त्यामागे ही जुनी सल असावी. तिसऱ्या दिवसाची भीती यजमानाला का वाटते, ते इथे कळते. राहून गेलेला पाहुणा शिकतो, हे खरे. आणि राहून गेलेला पाहुणा बळकावतो, हेही तितकेच खरे. एका घराण्याने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी केलेल्या असू शकतात.

झाशीला आलेल्या पाहुण्यांपैकी दोघांनी लिहून ठेवले, आणि ते दोघे म्हणीच्या दोन टोकांना उभे आहेत. पहिला जॉन लँग. सिडनीकडे जन्मलेला, वकील, पत्रकार, कंपनी सरकारविरुद्धच्या दाव्यांसाठी प्रसिद्ध. संस्थान खालसा झाल्यावर १८५४ मध्ये राणीने त्याला सल्ल्यासाठी बोलावले. पादत्राणे काढावी लागतील पण टोपी डोक्यावर ठेवता येईल, असे आधी ठरले. मग पडद्यामागून बोलणे झाले. दत्तक मुलाने पडदा बाजूला केला तेवढ्या क्षणात त्याला राणी दिसली. त्याने सल्ला दिला तो मवाळ होता: तूर्त निवृत्तिवेतन घ्यावे आणि अर्ज करावा. रात्री उशिरा भेट संपली, आणि दुसऱ्या दिवशी तो परतीच्या वाटेला लागला. 'वाँडरिंग्ज इन इंडिया' या १८५९ च्या पुस्तकात त्याने ही भेट वर्णिली. आपली झाशी न देण्याचे जे वाक्य आज प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे, ते त्याच वर्णनातून जगासमोर आले.

दुसरा विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी कळली, तेव्हा दक्षिणेच्या आशेने तो चुलत्याबरोबर १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला. म्हणजे तोही एका कार्यक्रमालाच निघाला होता, आणि त्यालाही मानधनाची अपेक्षा होती.

या मानधनाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण पाहुण्या विद्वानाची संस्था महाराष्ट्रात दक्षिणेच्या रूपानेच वाढली. श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांकडे होती. १७३१ नंतर ती पेशव्यांनी पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात काशीपासून कर्नाटकापर्यंतचे शास्त्री येत, परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे रक्कम मिळे. मोठी गर्दी होई, आणि सरसकट ब्राह्मणांनाही दान दिले जाई. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने याच निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढचे डेक्कन कॉलेज ते हेच. शतकाच्या मध्याला लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला की या पैशाचा काही भाग मराठीतल्या उपयुक्त ग्रंथांना मिळावा. जुन्या शास्त्र्यांनी त्याला कडाडून विरोध केला. अखेर ग्रंथांना दक्षिणा-पारितोषिके मिळू लागली, आणि कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर त्यांपैकीच. ज्या पैशावर दोन दिवसांचे पाहुणे पोसले जात, तो पैसा वर्षानुवर्षे एका जागी बसून अभ्यास करणाऱ्यांकडे वळला. ही वाटचाल मोठी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. पण तिच्यात एक गोष्ट हरवली. रमण्यात काशीचा आणि कर्नाटकाचा शास्त्री एकमेकांसमोर बसत. त्या गर्दीत, परीक्षेच्या रांगेत, मुक्कामाच्या ओसरीवर त्यांच्यात काय बोलणे होत असेल, याची नोंद कोणत्याही दप्तराने ठेवली नाही, आणि नव्या व्यवस्थेला त्या बोलण्याची गरजही भासली नाही.

विष्णुभटाला मथुरेचा यज्ञ मिळालाच नाही. वाटेतच बंडाची बातमी आली. माळव्यातून, ग्वाल्हेरहून तो झाशीत पोचला. तिथे मराठी माणसे होती, धर्मकृत्ये होती, दक्षिणा मिळत होती. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने शहराला वेढा घातला, तेव्हा पाहुण्याला निघता येणे शक्यच नव्हते. ३ एप्रिलला इंग्रज तट चढून आत आले. त्यानंतरच्या कत्तलीत तो लपून राहिला, लुटला गेला, आणि राजवाड्यातल्या पोथ्यांचा नाश तो शहरात असतानाच झाला. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी त्याला पुन्हा भेटली. ती तहानलेली होती. त्याने मडके विहिरीत सोडायला घेतले, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून तिने ते स्वतः काढले. ज्या घरात तो पाहुणा होता ते घर उरले नव्हते. यजमानही वाटेवर आली होती आणि पाहुणाही वाटेवरच होता. म्हणीतला तिसरा दिवस केव्हाच मागे पडला होता, आणि आता दिवस मोजायला कोणी शिल्लक नव्हते.

तो गावी परतला तेव्हा हाती पैसा जवळजवळ नव्हता. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, त्याने आठवणी लिहिल्या. 'माझा प्रवास' छापून निघाला १९०७ मध्ये. राणीचा दिनक्रम, तिचा पोशाख, थंडीत गरिबांना कपडे वाटणे, तोफांच्या आवाजातले शहर हे सारे मराठीला त्या भिक्षुकाकडून मिळाले. पुढे अमृतलाल नागरांनी ते हिंदीत नेले, आणि पुष्कळ उशिरा इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली. बुंदेलखंडाकडून महाराष्ट्राला आलेली ही सर्वांत मौल्यवान वस्तू आहे, आणि ती आणणाऱ्याने ती आणायचे कधी योजलेही नव्हते.

इतके पाहिल्यावर निकाल राहून गेलेल्या पाहुण्याच्या बाजूने द्यावासा वाटतो. विसाव्या शतकातले उदाहरणही त्याच बाजूला बोट दाखवते. मॅक्सीन बर्नसन १९६६ साली फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला अमेरिकेतून आल्या आणि पुढे तिथल्याच झाल्या. १९८४ मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. भाषेच्या अभ्यासक म्हणून आलेल्या बाईंनी गावातल्या मुलांच्या वाचनाचा प्रश्न स्वतःचा मानला, ही गोष्ट कोणत्याही विनिमय योजनेच्या कागदावर मावली नसती. याउलट २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'ग्यान' योजनेत परदेशी प्राध्यापकाला १२ ते १४ तासांच्या अध्यापनासाठी ८,००० डॉलरपर्यंत आणि २८ तासांसाठी १२,००० डॉलरपर्यंत मानधन ठरले. तासांवर पैसे मोजणे सरकारी खात्याला सोयीचे असते. आठवडा-दोन आठवड्यांचा मुक्काम तासाभराच्या व्याख्यानापेक्षा पुष्कळ बरा, हेही मान्य करावे लागते.

पण लँग आडवा येतो. तो जेमतेम दिवसभर झाशीत होता, त्याला घराण्याची, गल्ल्यांची ओळख विष्णुभटाच्या शतांशही नव्हती, आणि त्याने दिलेल्या सल्ल्याचा काही उपयोग झाला नाही. तरीही जे वाक्य टिकले ते त्याच्यामार्फत टिकले. परक्याला, थोड्या वेळात, एकदाच सांगायचे असल्यामुळेच कदाचित ते इतके नेमके बोलले गेले असेल. घरी राहणाऱ्या भटजीला कोणी असे वाक्य ऐकवत नाही. एका दिवसाच्या पाहुण्यासमोर यजमान स्वतःला जसे मांडतो तसे इतर कोणासमोर मांडत नाही, आणि ती मांडणी खोटीच असते असे नाही. मग तासाभराच्या व्याख्यानाकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. त्यात पाहुणा काय सांगतो यापेक्षा, त्याच्यासमोर विभाग आणि विद्यार्थी स्वतःविषयी काय बोलतात, कोणता प्रश्न विचारायला उठतात, हेच मोलाचे असू शकेल. आपल्याकडे त्या प्रश्नांची नोंद ठेवली जात नाही. नोंद होते ती व्याख्यानाच्या विषयाची आणि उपस्थितीची.

तिसरा पक्ष अजून राहिलाच आहे. लँगने इंग्रजीत लिहिले, विष्णुभटाने मराठीत. शहरातल्या बुंदेली माणसांनी या दोन्ही पाहुण्यांना पाहिले असणार. मराठी राजे, मराठी देऊळ, मराठी नाटके त्यांनी शंभरावर वर्षे पाहिली. त्यांची आठवण कागदावर आली नाही, ती हरबोल्यांच्या, म्हणजे भटक्या लोकगायकांच्या, गाण्यांतून फिरत राहिली, आणि सुभद्राकुमारी चौहानांच्या प्रसिद्ध कवितेने त्यांचाच हवाला दिला. महाश्वेतादेवी १९५६ च्या आपल्या 'झाँसीर रानी' या पुस्तकासाठी त्या भागात हिंडल्या, तेव्हा त्यांनीही लोकांच्या तोंडी उरलेले शोधले. बंगालहून आलेल्या त्याही पाहुण्याच होत्या, आणि मराठी-इंग्रजी दप्तरांनी जे टिपले नव्हते ते त्यांना हवे होते. त्यांच्या मुक्कामाला म्हणीतला कितवा दिवस म्हणायचा, हे ठरवणे सोपे नाही.

विभागप्रमुखांपुढचा रोजचा प्रश्न मात्र लहान आणि रोखठोक असतो. वर्षाच्या तरतुदीत एक माणूस महिनाभर ठेवावा की दहा माणसे एकेक दिवस बोलवावीत? महिनाभर ठेवलेला माणूस आपल्या खोलीत बसून स्वतःचा लेख पुरा करून जाण्याची शक्यता असते, आणि एका दिवसाच्या पाहुण्याचे एखादे वाक्य एखाद्या मुलीच्या मनात पंचवीस वर्षे राहून मग कागदावर उतरण्याचीही. व्याख्यान संपल्यावर भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्रायाच्या कागदावर यांपैकी काहीच दिसत नाही. विष्णुभटाकडून १८५८ च्या उन्हाळ्यात असा कागद भरून घेतला असता, तर त्याने त्यावर बहुधा न मिळालेल्या दक्षिणेची तक्रार लिहिली असती, आणि ती तक्रारही खरीच असती.