स्पीकरच्या पेटीचा पापुद्रा

जुना स्पीकर सहसा गाणं सोडत नाही. त्याची पेटीच आधी विटते. त्यातून आमचं विरार समुद्राजवळचं, पावसाळ्यात दमट हवा लाकडाला सोडत नाही. सासऱ्यांच्या स्पीकरचं व्हिनियर यंदा कडेनं सुटलं. मुलगा म्हणाला, "भंगारात द्या." सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या पदरानं पेटी पुसत राहिल्या. मग मीच पदर खोचला.

व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, पुष्कळदा जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणून पॉलिशपेपर जोरानं घासू नका, खालची फळी उघडी पडेल. सुटलेल्या कडेखालची धूळ काढा, पातळ सुरीनं फेविकॉल सारा, बाहेर आलेला लगेच पुसा. वर मेणकागद, त्यावर सपाट फळी आणि वजनाला पाटा. दिवसभर हलवू नका. मध्ये फुगा आला असेल तर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ब्लेडनं चीर देऊन फेविकॉल भरा. बारीक ओरखड्यावर अक्रोडाचा गर चोळा. तो झाकला जातो. भुशाची फळीच फुगली असेल तर मात्र सुताराला दाखवा.

आणि हो, पेटी ओल्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. वर कुंडी तर नकोच! घरातल्या थोरांची आठवण जपायला एवढं पुरतं.