पाटीवरचं एम.एस.

बीडमधल्या माझ्या दवाखान्याची पाटी वाचून लोक विचारतात, ‘‘मॅडम, तुम्ही अंबाजोगाईला होता का?’’ आमच्या जिल्ह्यात सर्जन म्हटलं की अंबाजोगाईचं स्वाराती रुग्णालयच आठवतं. माझं एम.एस. मात्र शल्यतंत्रातलं, म्हणजे आयुर्वेदातल्या सर्जरीचं, बीएएमएसनंतरचं तीन वर्षांचं. एमबीबीएसला गुण पुरले नाहीत म्हणून मी बीएएमएसला गेले. आयुर्वेदाची ओढ वगैरे नंतरच्या गोष्टी.

सर्जरीची आवड लागली ती इंटर्नशिपमध्ये, उपजिल्हा रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत. उसाच्या फडात कोयता पायावर बसलेली माणसं यायची. तिथल्या सर्जन सरांनी शेजारी उभं राहून टाके घालू दिले, चुकीचा टाका कापून पुन्हा घालायला लावला. मग एआयएपीजीईटी ही आयुर्वेदाच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा दिली आणि शल्यतंत्र मिळालं.

तिथे मनापासून शिकले ते क्षारसूत्र. भगंदरात घालायचा हा औषधी दोरा. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा लेप, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे सात, शेवटी चीक आणि हळदीचे तीन. प्रत्येक लेप वाळल्याशिवाय पुढचा नाही. दर आठवड्याला दोरा बदलायचा. तो कापत जातो आणि मागून जखम भरत येते. 1960च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी हे तंत्र पुन्हा उभं केलं. आयसीएमआरची चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. त्यात क्षारसूत्राने जखम भरायला सुमारे आठ आठवडे लागले, नेहमीच्या शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरात दुखणं उलटलं ते क्षारसूत्रात 4 टक्के, शस्त्रक्रियेत 11 टक्के. पेशंटला मी दोन्ही बाजू सांगते.

बाकीच्या सर्जरीचं मात्र असं नव्हतं. अभ्यासक्रमात हर्निया, अपेंडिक्स सगळं होतं, वॉर्डात पेशंट नव्हते. असलेल्या केसला आम्ही रिट्रॅक्टर धरून उभ्या. त्यात शेवटच्या वर्षी कोविड आला आणि ठरलेल्या शस्त्रक्रियाही थांबल्या.

नेमक्या त्याच काळात, नोव्हेंबर 2020मध्ये, भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेची अधिसूचना निघाली. शल्य आणि शालाक्याच्या (डोळे, कान, नाक, घसा) विद्यार्थ्यांना शिकायच्या 58 शस्त्रक्रियांची यादी त्यात होती : 39 शल्याच्या, 19 शालाक्याच्या. त्याविरोधात 11 डिसेंबरला अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांच्या आयएमएने देशभर काम बंद ठेवलं. टीव्हीवर कुणी आम्हाला सुश्रुताचे वारस म्हणत होतं, कुणी दोन पॅथींची खिचडी. होस्टेलवर आमची चर्चा वेगळीच : यातल्या किती आपण स्वतःच्या हाताने केल्यात? सुश्रुताने तर कोहळा, भोपळा, काकडीवर छेद घ्यायला लावलेत. कितीही पाठांतर असलं तरी हात बसल्याशिवाय माणूस शस्त्रकर्माला लायक नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलंय. त्याचं नाव घेऊन भांडणाऱ्यांना ही अट अडचणीची वाटत असावी.

अमेरिकेत ऑस्टिओपॅथीच्या डी.ओ. डॉक्टरांनाही एकेकाळी असंच वेगळं काढलं जायचं. 2020पासून तिथे डी.ओ. आणि एम.डी. दोघांच्या रेसिडेन्सीला एकच मान्यता, एकच मोजमाप. आपल्याकडे त्याच वर्षी भांडण झालं ते पदवीच्या नावावरून. केसेस कोण मोजणार, हे कुणी विचारलं नाही.

बीडला परत आल्यावर एका भूलतज्ज्ञांनी ‘आयुर्वेदवाल्यांच्या केस घेत नाही’ म्हणून नकार दिला. राग आला, पण आमच्या सरावाबद्दलची त्यांची शंका सगळीच चुकीची नव्हती. आता माझ्याकडे येतात त्या जास्त करून बायका. अवघड जागेचं दुखणं पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून त्या वर्षानुवर्षं अंगावर काढतात. एक आजी म्हणाल्या, ‘‘सुनंलाबी सांगितलं न्हाई, बाई.’’ मूळव्याध, फिशर, भगंदर, गळू एवढं मी करते. पोट कडक लागलं की थेट अंबाजोगाईला पाठवते. नातेवाईक कुरकुरतात, ‘‘मग तुमी कशाच्या सर्जन?’’

शल्यतंत्राला जाणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे. कॉलेज निवडण्याआधी तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा आणि विचारा, तू स्वतः किती ऑपरेशनं केलीस. त्याला आकडा सांगता आला नाही, तर ती सीट घेऊ नका.